माध्यमसाक्षरता आणि वादविवाद वेगवेगळे शिकवू नका

करवीर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या मॅडमनी विचारलं आहे: "अकरावीच्या मुलांसाठी माध्यमसाक्षरता आणि वादविवाद असा उपक्रम सुरू करायचा आहे. पुढे परदेशातल्या मुलांबरोबर ऑनलाइन वादविवादही घ्यायचा आहे. आमची मुलं मराठी माध्यमाची, बहुतेक शेतकरी घरांतली. इंग्रजीत बोला म्हटलं की गप्प होतात. एक दिवसाची कार्यशाळा पुरेल का? सुरुवात कशानं करू? आणि परदेशातली शाळा निवडायची कशी?"

मॅडम, कार्यशाळेचं आधी सांगते, कारण बहुतेक ठिकाणी पैसा आणि उत्साह तिथंच संपतो. एक दिवस पुरत नाही, आणि याला आता आपल्याच देशातला पुरावा आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेनं बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांबरोबर एक प्रयोग केला. त्यातल्या काहींना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं: खोटी बातमी कशी ओळखायची, एखादा फोटो आधी कुठं आला होता ते कसं शोधायचं. नंतर मोजून पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत एकंदरीत फरक दिसला नाही. पुढं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बिहारमध्येच दुसरा प्रयोग केला. या वेळी ५८३ गावांतली तेरा हजारांहून जास्त किशोरवयीन मुलं होती, जागा गावाजवळच्या ग्रंथालयातली होती आणि वर्ग काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा भरत होते. या मुलांत फरक स्पष्ट दिसला, काही महिन्यांनंतरही टिकला, आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंतही थोडा पोचला. राज्य तेच, विषय तोच. पुन्हा पुन्हा भरणारा वर्ग आणि बरोबरीच्या मुलांची सोबत या दोन गोष्टी नव्या होत्या. म्हणून आठवड्याला एक तास मागा, पण सबंध वर्षाचा मागा. प्राचार्यांना पटवायला हीच दोन उदाहरणं द्या.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रात माध्यमसाक्षरता आणि वादविवाद अशी दोन नावं 'आणि'नं जोडली आहेत. बहुतेक संस्थांत त्यांचे दोन वेगळे कोपरे असतात. संगणकाचे सर पडताळणी शिकवतात, मराठीच्या मॅडम स्पर्धेची मुलं तयार करतात. या दोघांनी एकत्र बसावं, असं मी प्रत्येक ठिकाणी आग्रहानं सांगते. नुसता वादविवाद शिकलेलं मूल हाताला लागेल तो आकडा घेऊन कुठलीही बाजू जिंकायला शिकतं. नुसती माध्यमसाक्षरता शिकलेलं मूल काही महिन्यांत म्हणायला लागतं, "सगळेच खोटं बोलतात, कुणावर विश्वास ठेवायचा?" हे दुसरं मला जास्त काळजीचं वाटतं. सगळ्यावर संशय घेणारं मूल खऱ्या बातमीलाही मुकतं, आणि मग जो जास्त जोरात बोलतो त्याच्या मागं जातं. वादविवादात मात्र त्याला काहीतरी ठामपणे मांडावंच लागतं, आणि मांडलेलं समोरच्याच्या प्रश्नांपुढं टिकवावं लागतं. संशय घेणं आणि ठाम उभं राहणं एकाच तासाला शिकवलं, तर दोन्हींचे दोष आटोक्यात राहतात.

सुरुवात पाण्यानं करा. कोल्हापूरच्या पोराला पुराबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षं त्यानं घरात, गोठ्यात किंवा निदान पाहुण्यांच्या तोंडून अनुभवली आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्याला पाठ्यपुस्तकाशिवाय पाठ असतं.

समजा असा एक मेसेज वर्गात घेतला: "राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले, दोन लाख क्युसेक विसर्ग सुरू, रात्रीत पाणी शिवाजी पुलावरून जाणार, सर्व ग्रुपवर पाठवा." सोबत पांढऱ्याफेक पाण्याचा व्हिडिओ. मुलांना फोन काढू देण्याआधी कागद घ्यायला सांगा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरत आलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी जातं. साताला गुणलं की दहा हजाराला चार कमी. वीजगृहातून सुटणारं पाणी वेगळं धरलं तरी दोन लाख कुठून येणार? लाखाच्या घरातला विसर्ग आपल्या बातम्यांत ऐकू येतो तो बहुतेकदा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. म्हणजे कुणीतरी एका धरणाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला. इंटरनेट नसतानाही एवढं कळतं, आणि स्वतःच्या गुणाकारानं कळलेलं मूल विसरत नाही.

मग व्हिडिओकडं वळा. त्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाका आणि तीच दृश्यं जुन्या तारखेला कुठं दिसतात ते बघा. आवाज वाढवा: मागं बोलणारी माणसं कुठली भाषा बोलतायत? दरवाज्यांची रचना राधानगरीसारखी आहे का? शेवटी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी ठरावीक वेळानं जाहीर करतं ते आकडे घ्या आणि आलेखावर मांडा. तासाला किती इंच चढतंय हे दिसलं की रात्रीत किती चढेल याचा अंदाज मुलंच सांगतात. गणिताच्या सरांना या तासाला जरूर बोलवा.

या तासात एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण पुस्तकी माध्यमसाक्षरतेत ती राहून जाते. पुरात प्रत्येक अफवेची किंमत सारखी नसते. "घर सोडा" असा मेसेज आला तर तपासत बसायचं नाही. जनावरं सोडायची, कागदपत्रं पिशवीत भरायची आणि त्याच वेळी दुसऱ्यानं जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावायचा. स्वतः तयारी लगेच करायची, पुढं पाठवायचं मात्र खात्री झाल्यावरच. हा फरक कळला नाही तर आपण मुलांना धोक्यात ढकलू.

पडताळणीचं मूळ तंत्र फार छोटं आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर (म्हणजे बातम्या-दावे तपासणारे) आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या मांडणीला, भारदस्त नावाला अनेकदा फसले. फॅक्ट-चेकर मात्र काही क्षणांतच त्या पानावरून बाहेर पडले आणि ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात हे बाजूला नव्या टॅबमध्ये शोधायला लागले. आपल्याकडं तर हे आणखी सोपं आहे, कारण नवा माणूस गावात आला की आपण त्याला सोडून दुसऱ्याला विचारतो, "हा कुणाचा कोण?" मुलांना हीच सवय फोनवर लावायची. मराठीत तपासलेल्या अफवा बघायला फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज यांची मराठी पानं आहेत. सरकारी योजनांबद्दलच्या मेसेजसाठी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं पीआयबी फॅक्ट चेक बघा, पण तिथं सरकारच सरकारबद्दल सांगतंय हेही मुलांच्या ध्यानात आणून द्या.

आता वादविवाद. आपल्या स्पर्धांवर माझं मनापासून प्रेम आहे. खेड्यातल्या मुलीला माइकसमोर उभं राहायचं धाडस याच फिरत्या करंडकांनी दिलं. पण बहुतेक ठिकाणी भाषण सरांनी लिहिलेलं असतं, मुलगी ते पाठ करते, सुरुवातीला चार ओळी कविता, शेवटी शेर, आणि परीक्षक आवाज-हावभावाला गुण देतात. अनुकूल आणि प्रतिकूल एकमेकांशी बोलतच नाहीत. दोन्हीकडून दोन वक्तृत्वं होतात.

म्हणून सुरुवातीला कार्ल पॉपर पद्धत घ्या. ही १९९४ मध्ये ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटनं शालेय मुलांसाठी आणली. तिघांचा संघ असतो आणि भाषणानंतर समोरच्या संघानं थेट प्रश्न विचारायची वेळ ठरलेली असते. तुमच्यासाठी चार मिनिटं मांडणी आणि दोन मिनिटं प्रश्न एवढं पुरे. "हा आकडा कुठून आणलास?" हा प्रश्न तोंडावर विचारायची आणि त्याला शांतपणे उत्तर द्यायची सवय या दोन मिनिटांत लागते. मुलं तयार झाली की वर्ल्ड स्कूल्स पद्धतीकडं जा. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिथं तीन वक्ते आठ-आठ मिनिटं बोलतात, शेवटी चार मिनिटांचं उत्तर असतं, आणि भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे केव्हाही समोरचा प्रश्न विचारायला उठू शकतो. पाठ केलेलं भाषण तिथं दुसऱ्या मिनिटाला कोसळतं.

मी या पद्धतींत तीन बदल करते. तुम्हीही करा. पहिला: बाजू चिठ्ठ्या टाकून वादाच्या आधी पंधरा मिनिटंच ठरवायची, म्हणजे दोन्ही बाजूंची तयारी करावीच लागते. दुसरा: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं अर्ध्या मिनिटात असं मांडायचं की त्यानं "होय, हेच म्हणतोय मी" असं कबूल केलं पाहिजे. आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडनाला किंमत नव्हती. तीच शिस्त आहे ही. तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक संघानं आपल्या पुराव्यांची वही वादाच्या आधी समोरच्या संघाला द्यायची. प्रत्येक पुराव्यापुढं चार गोष्टी: दावा काय, मुळात कुणी म्हटला, केव्हा, आणि त्यात त्याचा काही हितसंबंध आहे का. वर्ल्ड स्कूल्समध्ये शंभरातले चाळीस गुण आशयाला, चाळीस शैलीला आणि वीस व्यूहरचनेला असतात. आशयाच्या चाळिसांतले पंधरा या वहीला द्या. वाद चालू असताना एखाद्यानं "आमचा हा आकडा चुकीचा निघाला, तो मागं घेतो" म्हटलं तर त्याचा एकही गुण कापायचा नाही. हे परीक्षकांना आधी बजावून ठेवा, नाहीतर सवयीनं कापतात.

पहिला मोठा विषय म्हणून मी अलमट्टी सुचवेन: "कोल्हापूर-सांगलीच्या महापुराला अलमट्टी धरण मुख्यतः जबाबदार आहे." घरात, कट्ट्यावर, एसटीत सगळीकडं यावर ठाम मतं असतात. कर्नाटकला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, आपल्याकडं तिला तीव्र विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र अलमट्टीला थेट कारण ठरवलं नाही, आणि ते इथल्या अनेक आंदोलकांना मान्य नाही. मुलांनी समितीचं म्हणणं वाचावं, आंदोलकांचे आक्षेप वाचावेत, नदीकाठच्या बांधकामांकडं आणि पुलांच्या भरावांकडं डोळ्यांनी बघावं. आपल्या घरच्या मताविरुद्ध चार मिनिटं प्रामाणिकपणे बोललेलं मूल नंतर दुसऱ्याच्या मताला इतक्या सहजी शत्रू मानत नाही, असं मी पाहिलं आहे.

धर्म-जातीचे विषय टाळा, असं मी म्हणणार नाही. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून आपलं कोल्हापूर कसं पेटलं आणि इंटरनेट बंद करावं लागलं, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली माणसं होती ती. आपण हे सगळं ज्यासाठी शिकवतोय ते हेच आहे. फक्त या विषयांना पहिल्या सत्रात हात घालू नका. आधी पाणी, ऊस, रस्ते यांवर मुलांना एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय होऊ द्या.

आता परदेश. अनेक जण फिनलंडचं नाव घेतात, आणि ते रास्त आहे. तिथं २०१६ पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात माध्यमसाक्षरता वेगळा विषय म्हणून नाही, सगळ्या विषयांत मिसळलेली आहे: गणितात आकडेवारी कशी फसवते, चित्रकलेत प्रतिमा कशी बदलते, इतिहासात प्रचार कसा चालतो. ही मिसळण्याची कल्पना उचलाच. एस्टोनियात उच्च माध्यमिकच्या मुलांना माध्यमं आणि त्यांचा प्रभाव यावर ३५ तासांचा अभ्यासक्रम आहे. तासांचा अंदाज यायला तो उपयोगी आहे. पण पहिला जोडीदार म्हणून तुम्ही युरोपकडं बघू नका, असं माझं मत आहे. इंग्रजीच्या धसक्यानं तुमची निम्मी मुलं त्या दिवशी गप्प बसतील, आणि पहिला अनुभव तसा गेला तर दुसऱ्यांदा येणार नाहीत.

मॉरिशस बघा. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची आजची पिढी ती शिकते, आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढच्या शिक्षणाची सोय आहे. ही मुलं घरी क्रिओल ही तिथली बोली बोलतात, बातम्या फ्रेंच-इंग्रजीत वाचतात आणि मराठी वर्गात शिकतात. म्हणजे आपल्या मुलांना सावकाश, सोपं, स्वच्छ बोलावं लागेल, आणि तिथल्या मुलांना मराठीत विचार जुळवावा लागेल. दोन्हीकडचा भार जवळजवळ सारखा होतो. घड्याळही सोयीचं आहे: मॉरिशस आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागं. आपली दुपारची अडीचची वेळ म्हणजे तिथं एक.

शिवाय दोघांकडं ऊस आहे. "ऊस लागवडीवर सरकारनं मर्यादा घालावी" हा विषय दोन्हीकडच्या मुलांना घरचा वाटेल. आपल्याकडं पाणी, एफआरपी म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, इथेनॉल. तिथं युरोपातला साखरेचा बाजार आणि चिपाडापासून वीज. माध्यमसाक्षरतेसाठीही तिथं एक ठळक घटना आहे. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर अडकलं आणि काही दिवसांनी त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी उसाच्या पाचटानं भरलेले अडसर स्वतः शिवून पाण्यात सोडले. पाचटाचं नाव निघालं की आपल्या मुलांचे कान टवकारतील. त्या दिवसांत कुठल्या बातम्या खऱ्या होत्या, सरकारनं काय केव्हा सांगितलं, हे तिथल्या मुलांनी घरी विचारून आणावं. आपल्या मुलांनी महापुराचं तसंच आणावं. संकटात माहिती कशी पसरते यावर दोन्हीकडची मुलं एकमेकांना शिकवतील.

संघ मात्र 'भारत विरुद्ध मॉरिशस' असे करू नका. देशाचं नाव लागलं की हरणं अवघड होतं आणि आकडा मागं घेणं त्याहून अवघड. प्रत्येक संघ मिसळ ठेवा: दोघं इथले, एक तिथला, दुसऱ्या संघात उलट. तयारीच्या आठवड्यात त्यांना एकत्र पुरावा वही भरावी लागते, आणि खरी ओळख तिथंच होते.

वर्षाची आखणी करताना बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत असतात हे धरून अकरावीचीच मुलं घ्या. मुलं अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पालकांना कॉलेजवर बोलवून समजावून सही घ्या. संपर्क शिक्षकांमार्फत ठेवा, मुलांचे वैयक्तिक नंबर परदेशी ग्रुपमध्ये जाऊ देऊ नका, आणि रेकॉर्डिंग दोन्ही शाळांनी आधी ठरवल्याशिवाय कुठंही टाकू नका.

घरच्या ग्रुपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. काकांनी खोटा व्हिडिओ टाकला तर पुतण्यानं काय करायचं? ग्रुपवर "हे फेक आहे" लिहिलं की काका दुखावतात आणि जास्त हट्टाला पेटतात. त्यापेक्षा काकांना एकट्याला लिहायचं: "काका, त्यो पुराचा व्हिडिओ आत्ताचा न्हाई वाटत, जुना हाय. ही लिंक बघता का? खरा आकडा मी कलेक्टर ऑफिसच्या पत्रकातनं पाठवतोय." चूक दाखवताना सोबत खरी माहिती दिली की काकांना ती स्वतःच ग्रुपवर टाकायची संधी मिळते, आणि बहुतेक वेळा ते टाकतात. असे मेसेज लिहायचा एक पूर्ण तास घ्या. मुलांना तो सगळ्यात आवडतो.

शेवटी मोजमाप. वर्षाच्या सुरुवातीला मुलांना दहा मेसेज द्या, त्यातले पाच खरे ठेवा. मार्चमध्ये नवे दहा द्या, त्यातही पाच खरे. खोटे किती पकडले एवढंच बघू नका, खऱ्यांना खरं किती म्हणाले तेही वेगळं लिहा. दुसरा आकडा घसरला असेल तर तुमच्या वर्गात संशय वाढलाय, समज नाही. मग पुढच्या वर्षी पडताळणीचे तास कमी करून वादाचे तास वाढवा. खर्च म्हणाल तर एक प्रोजेक्टर, दोन-तीन फोन आणि प्रत्येक संघाला एक दोनशेपानी वही. मॉरिशसशी बोलायचं ठरलं तर त्या दिवसापुरतं बऱ्यापैकी वायफाय असलेली खोली आणि एक चांगला माइक लागेल. तो कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचाच चालतो.